उद्याचा डोस

बुप्रेनॉर्फिनची गोळी आम्ही अख्खी देत नाही. ती बारीक कुटायची, कागदाच्या घडीतून पूड समोरच्याच्या जिभेखाली सोडायची आणि विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं त्याच्यासमोर बसून राहायचं. मग तोंड उघडायला लावायचं, जीभ उचलायला सांगायची. आत पांढरं काही दिसलं नाही की रजिस्टरवर सही घ्यायची. अख्खी गोळी गालात दाबून बाहेर नेता येते, विकता येते, पाण्यात विरघळवून शिरेतही घेता येते. म्हणून हा सगळा खटाटोप. मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रात परिचारिका म्हणून चौदा वर्षं माझ्या सकाळी अशाच गेल्या. ओएसटी म्हणजे ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी. गर्द किंवा तशाच नशेची इंजेक्शनं घेणाऱ्याला त्याऐवजी जिभेखालचं औषध रोज, नजरेसमोर द्यायचं. येणारे त्याला नुसतं ‘डोस’ म्हणतात आणि मला ‘सिस्टर’.

मी आले होते एका नर्सिंग होमच्या सर्जिकल वॉर्डातून. डोक्यात चित्र होतं व्यसनमुक्तीचं. अनिल अवचटांचं ‘गर्द’ वाचलेलं होतं, १९८६ साली पुण्यात सुरू झालेलं मुक्तांगण माहीत होतं. माणूस दाखल होतो, टर्की म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सोसतो, नशेतून बाहेर पडतो. ते काम मोठंच आहे, आणि आमच्याकडचेही काही जण पुढे तशा केंद्रांत गेले. पण आमच्या केंद्राचा पैसा एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून येत होता. आमचं पहिलं काम एवढंच होतं, की या माणसाच्या रक्तात विषाणू जाऊ नये आणि आधीच गेला असेल तर त्याच्यापासून पुढे कुणाला जाऊ नये. हे मला रुजू होताना सांगितलं होतं. कळलं मात्र वर्षभराने.

पहिल्या महिन्यात मी डोस देताना प्रत्येकाला विचारायची, “मग सोडणार कधी?” भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडायचं काम करणारा एक जण होता, तिशीचा. रोज साडेआठला हजर. नाव नोंदवताना केलेली त्याची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह होती. मी रोज तेच विचारायची, तो खाली बघून हसायचा. एक दिवस यायचा बंद झाला. तीन आठवड्यांनी आमच्या कार्यकर्त्याने त्याला धरून आणलं, तर जांघेत लिंबाएवढा फोड, अंगात ताप. मी ड्रेसिंग करत असताना तो म्हणाला, “सिस्टर, घरी आई विचारते, नाक्यावर पोलीस विचारतो, इथे तुम्ही विचारता. माझ्याकडे उत्तर असतं तर इथे कशाला आलो असतो?”

त्या तीन आठवड्यांत तो रुळांच्या कडेला चौघांबरोबर एका सुईवर होता. त्या दिवशीची चाचणी निगेटिव्हच आली, कारण लागण नवी असेल तर ती चाचणीत दिसायला काही आठवडे जातात. तीन महिन्यांनी पुन्हा केली, ती पॉझिटिव्ह आली. माझ्या प्रश्नामुळेच हे झालं असं मी म्हणत नाही. पण रजिस्टरमधल्या त्या तारखा मी कितीदा तरी उलटून पाहिल्या आहेत. त्यानंतर मी कुणालाही ‘सोडणार कधी’ असं विचारलं नाही. ‘उद्या येशील ना?’ एवढंच विचारत आले.

एकच सुई चौघं का वापरतात, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. अडाणीपणा वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असे की सुईतून एड्स होतो. पण शेवटच्या नशेला सात-आठ तास झाले की नाक-डोळे वाहू लागतात, जांभयांमागून जांभया येतात, पोटात मुरडा पडतो, हाडं कुणी पिळतंय असं होतं. ही टर्की. पहाटे चारला टर्की लागलेले चौघं पैसे काढून एक पुडी आणतात. सिरिंज एकच असते. औषधाचं दुकान बंद असतं, आणि उघडं असलं तरी दुकानदार तोंड बघून ‘नाही’ म्हणतो. पुडी विरघळवायचं झाकण एक, पाणी एक, गाळायचा कापूस एक. औषधाचा शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून दट्ट्या मागे ओढून सिरिंज रक्तानेच विसळतात, आणि ती तशीच दुसऱ्याच्या हातात जाते. सुईत अडकलेल्या रक्तात हा विषाणू कित्येक दिवस तग धरू शकतो. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास सुई घेणाऱ्यांत एचआयव्ही शिरला आणि वर्षभराच्या आतच जवळजवळ निम्म्यांपर्यंत पोचला, तो असाच.

डोस नेमका त्या पहाटेवर काम करतो. बुप्रेनॉर्फिनचा असर चोवीस तास आणि कधी त्याहून जास्त टिकतो. टर्कीच लागली नाही तर पहाटे चारला रुळांवर जायचं कारण उरत नाही. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. अशा पर्यायी औषधावर असलेल्यांत एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी आढळला. आमच्या डॉक्टरांनी त्याची प्रत काढून कपाटावर चिकटवली होती. मला त्या आकड्यापेक्षा हजेरीचं रजिस्टर जास्त पटायचं. जो सलग तीन महिने येतो त्याच्या दंडावर नव्या खुणा कमी होत जातात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते.

डोस सुरू करण्यातही एक मेख आहे, आणि ती मला एका बावीस वर्षांच्या मुलाने शिकवली. मेंदूत अफूच्या जातीच्या पदार्थांच्या ज्या जागा असतात तिथे बुप्रेनॉर्फिन फार घट्ट बसतं. आधी बसलेल्या गर्दाला ते उठवतं, पण स्वतः तेवढ्या जोराने काम करत नाही. म्हणून अंगात गर्द असताना पहिला डोस दिला तर टर्की थांबायच्या ऐवजी एकदम उसळते. मी त्या मुलाला विचारलं, “रात्रीपासून काही घेतलं नाहीस ना?” प्रश्नातच उत्तर होतं. तो ‘नाही’ म्हणाला. प्रत्यक्षात दोन तासांपूर्वीच घेऊन आला होता. पाऊण तासाने तो फरशीवर लोळत, ओकत, मला शिव्या देत होता. सिस्टरने विष दिलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या अड्ड्यांवर पोचली. दुसऱ्या दिवशी पाच जण आले नाहीत. त्यानंतर मी प्रश्न बदलला. “शेवटचं कधी घेतलंस? आत्ता घेतलं असलं तरी चालेल, डोस दुपारी देऊ.” खरं बोलून काही गमवावं लागत नाही असं दिसल्यावर लोक खरं सांगू लागले.

डोसच्या शेजारच्याच टेबलावर सुया मिळत. नवी न्यायची, जुनी आणून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची. माझ्या माहेरच्या माणसांना डोसचं काम एकवेळ समजायचं, सुया वाटण्याचं पटायचं नाही. वस्तीतले लोकही म्हणायचे, तुमच्यामुळेच पोरं बिघडतात. फुकट सिरिंज मिळते म्हणून नशेला लागलेला एकही माणूस मी पाहिला नाही. जे येत त्यांच्या हातांच्या शिरा आधीच संपलेल्या असत, आणि ते पायात, मानेत, जांघेत शोधत असत. कामाला लागून थोडे दिवस झाले होते तेव्हा आमच्या एका कार्यकर्त्याला वापरलेल्या सुयांच्या डब्यासकट पोलिसांनी रात्रीपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. पुढचा महिनाभर कुणी जुन्या सुया परत आणल्या नाहीत. सुई जवळ सापडली तर पकडतात, असं सगळ्यांनी धरलं आणि सुया रुळांवर पडू लागल्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ मध्ये सुरक्षित सुया देणं-घेणं आणि ओएसटी यांना गुन्ह्यापासून संरक्षण दिलं आहे. ते पान आम्ही झेरॉक्स करून प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत ठेवलं. दरवेळी त्याचा उपयोग झाला नाही, पण काही वेळा झाला.

आता माझं स्वतःचं सांगते. एका पॉझिटिव्ह रुग्णाचं रक्त घेताना त्याने हात झटकला आणि सुई हातमोज्यातून माझ्या डाव्या तर्जनीत गेली. पोकळ सुई, आत ताजं रक्त. असा अपघात झाला तर लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन असते, हे मी स्वतः शिकाऊ मुलींना शिकवलेलं. त्या क्षणी मला ते तीनच दिसत होते. बोट दाबायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, आणि शक्यतो दोन तासांत पेपची, म्हणजे अपघातानंतर लागण रोखायच्या औषधाची, पहिली गोळी घ्यायची. बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग नाही. गोळ्या अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. मी दीड तासात पहिली घेतली.

दिवस गणपतीचे होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. गोळ्यांची बाटली मी शिवणाच्या डब्यात, रिळांखाली ठेवली होती. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगण्याचा धीर झाला नाही. त्या काळच्या गोळ्यांनी इतकं मळमळायचं की मोदकांचा वास सहन होईना. अकराव्या दिवशी रात्री स्वयंपाकघरात बायका झोपलेल्या, डब्यापर्यंत जाता येईना, आणि माझी एक गोळी चुकली. पहाटे संडासात बसून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी धीर दिला, पुढे चालू ठेवायला सांगितलं. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा तीन चाचण्या झाल्या. तिन्ही निगेटिव्ह.

त्याआधी, एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या गोळ्या चुकवल्या म्हणून मी माणसांना रांगेत सर्वांसमोर झापत असे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना बाटली लपवायला शिवणाचा डबा सोडा, छप्परही नव्हतं. पावसात गोळ्या भिजायच्या, पिशवीसकट चोरीला जायच्या. कामावर परतल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, यांच्या गोळ्या आपल्या कपाटात ठेवू या. प्रत्येकाच्या नावाची थैली केली. डोस घ्यायला आला की आधी एआरटीची गोळी पाण्याबरोबर, मग जिभेखाली पूड. नशा सुरू असलेला माणूस गोळ्या नियमित घेणार नाही, असं मोठ्या इस्पितळांतही सर्रास बोललं जायचं. “आधी नशा सोड, मग औषध सुरू करू,” हे वाक्य आमच्या माणसांनी इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याची नक्कल करून दाखवत. आमच्या कपाटातल्या थैल्या रोज रिकाम्या होत होत्या.

बर्फवाल्याचंही औषध असंच चाललं. २०१७ पासून सरकारी धोरणच झालं की चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच उपचार, प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी होईपर्यंत थांबायचं नाही. पुढे डोल्युटेग्राविर असलेली रोजची एकच गोळी आली आणि मळमळीच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. त्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली गेला. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आज निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. सुईच्या बाबतीत तेवढ्या खात्रीने मला सांगता येत नाही, म्हणून त्याला नवी सुई देणं आम्ही कधीच थांबवलं नाही. त्याची बायको धुणीभांडी करायची. ती दर सहा महिन्यांनी तपासून जायची आणि कागद पदरात बांधून न्यायची. निगेटिव्ह.

एकदा एक टीबीचा रुग्ण रोज सांगू लागला, “सिस्टर, डोस धरत नाही.” डोस वाढवून मागायची ही नेहमीची युक्ती, असं माझ्यासकट सगळ्यांनी ठरवून टाकलं. आठवडाभराने तो पुन्हा सुईकडे वळला. नंतर डॉक्टरांच्या लक्षात आलं, की टीबीचं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं, आणि यकृत बुप्रेनॉर्फिन लवकर मोडून टाकतं. डोल्युटेग्राविरचंही तेच होतं, म्हणून टीबीच्या उपचारात ती दिवसातून दोनदा द्यावी लागते. तो माणूस पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

इस्पितळांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनात ठेवणार नाही. आमच्या एकाला फोड चिघळून दाखल करावं लागलं. वॉर्डात त्याचा डोस चालू ठेवला नाही. ‘गर्दुल्ला आहे’ म्हणून खाट दाराशी, जेवण शेवटी. दुसऱ्या रात्री टर्की असह्य होऊन तो निघून गेला, सलाइनची सुई हातात तशीच. केसपेपरवर शेरा पडला, ‘रुग्ण पळून गेला’. त्याच सुईतून त्याने रात्रभर नशा घेतली. सकाळी तो आमच्या दारात बसलेला होता. ती सुई मी काढली. दोष आमचाही होता. त्याच्याबरोबर डोसची चिठ्ठी, डॉक्टरांचा फोन नंबर, काहीच आम्ही दिलं नव्हतं. नंतर तशी चिठ्ठी आम्ही छापून घेतली.

आमच्या रांगेत बायका दिसत नसत. सगळा कारभार पुरुषांना धरून होता. एक बाई नवऱ्याच्या ड्रेसिंगला येऊन बाहेर पायरीवर बसायची, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज. आमच्या एका कार्यकर्तीने हळूहळू तिच्याशी ओळख केली. नवरा पुडी आणायचा, तोच सुई भरायचा, आधी स्वतः घ्यायचा आणि मग त्याच सुईने तिला द्यायचा. तिला स्वतःची सुई स्वतः मारता येत नव्हती. आम्ही तिला नव्या सुया दिल्या, त्या नवऱ्याने मित्रांत वाटून टाकल्या. कंडोमचंही तसंच. तिला वाचवू शकणारी प्रत्येक वस्तू नवऱ्याच्या हातातून जात होती. शेवटी डॉक्टरांनी तिला स्वतःला डोस सुरू केला. रांग संपल्यावर, दुपारी दोनला, मागच्या दाराने. घरी ती सांगायची, बीपीच्या गोळीला जाते. चार महिन्यांत दुपारी येणाऱ्या बायका सहा झाल्या. त्यांतल्या दोघी आधीच पॉझिटिव्ह होत्या. दोनची वेळ आम्ही दोन वर्षं आधी ठेवली असती तर, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

तिच्यासारखीला प्रेप हवी होती. लागण होण्याआधीच घ्यायचं औषध, रोज एक गोळी, कुणाच्या परवानगीशिवाय. बँकॉकमध्ये सुई घेणाऱ्या २,४०० हून जास्त लोकांवर टेनोफोव्हिरचा प्रयोग झाला. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, लागण जवळजवळ ४९ टक्क्यांनी कमी. ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात संरक्षण त्याहून बरंच जास्त होतं. त्या प्रयोगात नव्या सुया मात्र दिल्या गेल्या नव्हत्या, आणि त्यावरून तिथल्या नशा करणाऱ्यांच्या संघटनांनी आवाज उठवला होता. त्यांचं म्हणणं मला पटतं. आपल्याकडे प्रेपची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली, पण माझ्या चौदा वर्षांत आमच्या रांगेत कुणाच्या हातात ती गोळी मी पाहिली नाही. आता लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन आलं आहे, वर्षातून फक्त दोनदा घ्यायचं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्याला छप्पर नाही, जिला बाटली लपवायला जागा नाही, त्यांना ते सगळ्यात आधी मिळायला हवं. आणि ते देताना सुया आणि डोस यांतलं काहीही काढून घेता कामा नये. प्रेप हिपॅटायटिस सी थांबवत नाही, फोड थांबवत नाही, टर्की थांबवत नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये लोकल बंद झाल्या आणि रोज येणं अशक्य झालं. तेव्हा काही दिवसांचा डोस घरी द्यायची मुभा मिळाली. मला भीती वाटत होती. हे विकतील, एकदम घेतील, शिरेत घेतील. पहिली पुडकी बांधताना हात थरथरत होता. काहींनी विकलाही. पण बहुतेक जण ठरलेल्या दिवशी, तोंडाला रुमाल बांधून, पायी चालत परत आले. ज्यांना नोकरी टिकवायची होती त्यांच्यासाठी ते महिने डोसच्या दृष्टीने सर्वांत सोपे गेले. वर्षभर नियमित येणाऱ्या माणसाला रोज सकाळी रांगेत उभं करू नये, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. त्या रांगेपायी कित्येकांची नाक्यावरची हजेरी बुडते, आणि मग एक दिवस रांगच सुटते.

हा सगळा आग्रह का, ते एका पाहणीतून दिसतं. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या सुई घेणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के एचआयव्हीबाधित आढळले. देशातल्या सगळ्या प्रौढांत हे प्रमाण तेव्हा सुमारे ०.२१ टक्के होतं.

तुमच्या घरात, चाळीत, नात्यात कुणी सुई घेत असेल, तर त्याने नशा सोडण्याची वाट बघत बसू नका. त्याची आणि त्याच्या बायकोची एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची चाचणी करून घ्या. सरकारी इस्पितळात ती मोफत होते, आणि हिपॅटायटिस सी चा बारा आठवड्यांचा उपचारही २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतो. जवळचं ओएसटी केंद्र कुठे आहे ते १०९७ या क्रमांकावर विचारा, त्या फोनला पैसे पडत नाहीत. आणि त्याला कधी दाखल करावं लागलं, तर तो किती डोसवर आहे ते वॉर्डातल्या सिस्टरला पहिल्या तासातच सांगा, कागदावर लिहून.